कॉलेजचा वाद्यवर्ग आणि वृंद: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

युवक महोत्सवाचे दिवस जवळ आले की तालुक्याच्या कॉलेजांमधून संगीताची पत्रं येऊ लागतात. या अंकात त्यांतली सात घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या कॉलेजात वाद्यवर्ग सुरू करायचा आहे. चाळीस मुलांनी नावं दिली. संस्थेनं वाद्यांसाठी एकदाच रक्कम मंजूर केली आहे. काही सहकारी म्हणतात, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ड्रमसेट घ्या, मुलं त्यानंच येतील. काय घ्यावं?
(सांस्कृतिक समन्वयक, दारव्हा)

वाद्यांच्या यादीआधी शिक्षक ठरवा. शिकवणारा कोण, आठवड्यातून किती दिवस येणार, मानधन वर्षभर कुठून देणार, हे लिहून झाल्याशिवाय एकही वाद्य विकत घेऊ नका. ग्रामीण कॉलेजांमधली बंद पडलेली संगीतखोली उघडून पाहिली तर आत वाद्यं असतात, शिकवणारा नसतो. मंजूर रक्कम फक्त वाद्यांसाठीच असेल, तर संस्थेला मानधनाची वेगळी तरतूद करायला सांगा आणि तोवर खरेदी थांबवा.

चाळीस मुलं एकदम घेऊ नका. पहिल्या सत्रात चोवीस घ्या आणि आठ-आठचे तीन गट करा: तबला, पेटी, बासरी. उरलेल्यांना समूहगायनात घ्या, तिथे वाद्य लागत नाही. एवढ्यासाठी लागतील चार तबला-डग्ग्यांच्या जोड्या, तीन पेट्या, एक ढोलकी, टाळांचे सहा जोड आणि तानपुऱ्याचं अॅप वाजवायला एक बरा छोटा स्पीकर. बासरी मात्र ज्याची त्यानं घ्यावी. ती तोंडाला लागते, शिवाय घरी नेऊन रोज वाजवली नाही तर येत नाही. सगळ्यांच्या बासऱ्या एकाच पट्टीच्या आणि शक्यतो एकाच कारागिराच्या हव्यात, नाहीतर आठ जण मिळून एक ‘सा’ लागणार नाही. सुरुवातीला साधारण दीड फुटाची मध्यम बासरी पुरे. लांब बासरीच्या भोकांवर नवख्या मुलाची बोटं पोचत नाहीत आणि पहिल्याच महिन्यात ते मूल गळतं.

तबल्याच्या एका जोडीवर दोन मुलं बसवा. एक वाजवेल, दुसरा हातानं टाळी-खाली देत बोल म्हणेल. दहा मिनिटांनी बदल. अशी बोलांची पढंत केलेल्या मुलाची लय पक्की होते, त्यामुळे चार जोड्या आठ मुलांना कमी पडत नाहीत, उलट फायद्याच्या ठरतात. पहिला महिना ना, ती, धा, घे, क आणि तिरकिट एवढंच. मग दादरा (धा धी ना । धा तू ना) आणि केरवा (धा गे ना ती । न क धी ना). त्रितालाची घाई नको.

पेटी घेताना साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची (सूर म्हणजे आतल्या पितळी जिभा), खर्ज-नर म्हणजे खालच्या आणि मधल्या आवाजाच्या जोडीची घ्या. पट्टी सरकवण्याची सोय असलेली, म्हणजे स्केल चेंजर पेटी वर्गासाठी टाळा. ती जड असते, धुळीत तिची सरकपट्टी अडते, आणि मुलं पट्टी बदलायला बोटांनी शिकण्याऐवजी खटक्यावर अवलंबून राहतात. दुकानात या गोष्टी तपासा. हवा सोडणाऱ्या समोरच्या सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरा, तो झटकन रिकामा होता कामा नये. मग खुंट्या उघडा, पट्टीला हात न लावता भाता मारा. एखादा सूर आपोआप बोलला, तर आतली झडप नीट बसत नाही. शेवटी अगदी हलक्या हवेवर एकेक पट्टी दाबा. काही सूर उशिरा बोलत असतील तर ती पेटी परत ठेवा. सूर कुठले, तेही विचारा. गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांना वादकांमध्ये मान आहे.

तबला शिसवी किंवा बिज्याच्या लाकडाचा, डग्गा पितळी किंवा तांब्याचा घ्या. अॅल्युमिनियमचा डग्गा हलका असतो, घुमत नाही आणि मांडीपासून सरकत जातो.

ऑक्टोपॅड आणि ड्रमसेटवर आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या दोन वर्षांत नको. लाइन गेली की ऑक्टोपॅड गप्प, आणि त्यावर हात तयार होत नाही. रकमेचा चौथा हिस्सा पुड्या (तबल्यावरचं मढवलेलं कातडं), वाद्या (ते ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या), भात्याची दुरुस्ती आणि गवसण्यांसाठी बाजूला ठेवा. हा हिस्सा राखला नाही तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर चारपैकी दोनच जोड्या वाजत असतील.

समूहगीतात आमच्या तीन मुली आणि तीन मुलं आहेत. मुलींना काळी चार लागते, मुलांना काळी एक. मधली पट्टी धरली तर दोघांचेही आवाज दबतात. उपाय सांगा.
(विद्यार्थिनी, मोर्शी)

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पेटीच्या सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजल्या की पांढरी एक, काळी चार अशी नावं पडतात. मुलांचा ‘सा’ साधारण पांढरी एक ते काळी दोनमध्ये बसतो, मुलींचा काळी चार-काळी पाचच्या आसपास. मध्ये पंचमाचं अंतर पडतं, म्हणून मधली पट्टी प्रत्येक गाण्याला चालतेच असं नाही. चालीचा विस्तार पाहून ठरवावं लागतं.

चाल मंद्र पंचमापासून मध्य निषादापर्यंतच फिरत असेल, तर पांढरी चार किंवा काळी तीन धरा. मुलं खालच्या सप्तकात, मुली वरच्या. दोघांनाही सोसतं. चाल तार सप्तकात गंधार-मध्यमापर्यंत जात असेल, तर मात्र या पट्टीत मुलं ओरडायला लागतात.

अशा वेळी ‘सा’च बदलायचा. ध्रुवपद आणि मुलांचा अंतरा काळी एकमध्ये, मुलींचा अंतरा काळी चारमध्ये. काळी चारला ‘सा’ मानलं की काळी एक हा तिचा शुद्ध मध्यम होतो. म्हणजे काळी एकला लावलेला तबला मुलींच्या अंतऱ्यातही मध्यमाचा तबला म्हणून चालतो, पुन्हा लावावा लागत नाही. तानपुऱ्याचंही तसंच. काळी एकच्या षड्ज-पंचमातला तानपुरा काळी चारवाल्यांना मध्यमातला तानपुरा ठरतो. अट एवढीच की मुलींच्या अंतऱ्यात शुद्ध मध्यम लागत असला पाहिजे. तीव्र मध्यमाची चाल असेल तर हा जोड कानाला टोचेल.

बदल होतो तिथे पेटीवाल्याला एक आवर्तन द्या. त्या आवर्तनात त्यानं नव्या ‘सा’वर येऊन थांबायचं, मगच मुलींनी उचलायचं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मुली जुन्याच ‘सा’वरून पहिला शब्द उचलतात आणि दुसऱ्या ओळीत सावरतात. परीक्षकांना ती पहिली ओळ ऐकू येते. म्हणून फक्त हा सांधा रोज दहा वेळा म्हणा, अख्खं गाणं दोनदा पुरे.

महोत्सवाच्या समूहगीताला सहा गायक आणि तीन साथीदार चालतात, चित्रपटगीत चालत नाही. तीन साथीदारांत पेटी आणि तबला धरून एकच जागा उरते. ती टाळाला देणार की बासरीला, हे चाल निवडतानाच ठरवा.

सरावात पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजवले की विचित्र थरथर येते. बासरी तर सकाळी जुळते आणि दुपारी वर चढते. बिघाड कशात आहे?
(प्राध्यापक, आर्वी)

बिघाड बहुधा कशातच नाही. कीबोर्ड कारखान्यातून ४४० हर्ट्झच्या मापावर येतो, म्हणजे त्याची मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झवर बोलते. पेट्या, विशेषतः जुन्या, त्याहून थोड्या चढ्या लावलेल्या असू शकतात. दोन सूर जवळजवळ सारखे पण अगदी एक नसले की ती थरथर येते.

फोनवर ट्यूनरचं अॅप घ्या. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी एक, पांढरी चार आणि पांढरी सहा एकेक वाजवून पाहा. तिन्ही सारख्याच चढ्या असतील तर पेटीला हात लावू नका, कीबोर्ड पेटीकडे आणा. त्याच्या मेन्यूमध्ये ट्यूनिंग हा पर्याय असतो, तो ४४० वरून पेटी दाखवेल तितका, समजा ४४५ पर्यंत, न्या. हा फरक सुमारे २० सेंटचा, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा पाचवा हिस्सा. एवढ्यानं थरथर थांबते. ट्रान्सपोजचं बटण यासाठी नाही. ते एका वेळी अख्खी पट्टी सरकवतं, आणि अनेकजण तेच दाबत बसतात.

एखादाच सूर वेडावाकडा असेल तर आधी धूळ पाहा. पातळ कोरा कागद सुराच्या जिभेखालून अलगद ओढला की अडकलेला कण निघतो. तरीही जमलं नाही तर कारागीर गाठा. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हे ऐकून घरी कानस लावण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण निघालेलं पितळ परत येत नाही.

बासरीचं कारण हवेत आहे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगानं जातो आणि बासरीचा सूर चढतो. दहा अंशांच्या फरकानं तो २५-३० सेंटपर्यंत वर जाऊ शकतो. पेटीचा सूर धातूचा असल्यामुळे जवळजवळ हलत नाही. आपल्याकडे जानेवारीत सकाळचा गारठा आणि दुपारचं ऊन यांत पंधरा अंशांहून जास्त फरक पडतो, मग दोघांची फारकत होणारच. बासरीवाल्यानं मंचावर जाण्याआधी पाच-दहा मिनिटं वाजवून बासरी गरम करावी आणि जुळवणी कार्यक्रमाच्या वेळेच्याच उन्हात करावी. चढत असेल तर बासरी ओठांकडे किंचित आत वळवली की उतरते. उन्हाळ्यात बांबू तडकतो, म्हणून आतून महिन्यातून एकदा तिळाचं किंवा मोहरीचं तेल कापडाच्या बोळ्यानं फिरवा आणि दोन्ही टोकांना दोरा घट्ट गुंडाळा.

मले खंजिरी शिकाची आहे. आमच्या घरी आजोबाची खंजिरी आहे, गावात भजन होते. पण कॉलेजच्या वर्गात तबला, पेटी, बासरीच आहे. खंजिरी वाद्यवृंदात चालते का?
(विद्यार्थी, तिवसा तालुका)

चालते, आणि तुमच्या भागात ती नसेल तर वृंदाला उणीव आहे असं आम्ही म्हणू. तुमच्या तालुक्यातल्याच मोझरीहून तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीवर भजनं गाऊन गावं जागी केली. नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. शिकवणारा कॉलेजात नसला तरी गावच्या भजनी मंडळात आहे. त्या बुवांना कॉलेजनं रीतसर पत्र देऊन, मानधन देऊन महिन्यातून चार तास बोलवावं.

खंजिरी डाव्या हातात कडेला धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी आणि तळव्यानं वाजवायची. डाव्या हाताची मोकळी बोटं कातड्यावर दाबली की आवाज खालीवर होतो, सगळी गंमत त्यात आहे. नवखा माणूस मनगट ताठ ठेवतो, त्यामुळे चकत्या प्रत्येक मात्रेला खणखणतात आणि ठेका झाकला जातो. आधी चकत्या न वाजता फक्त कातड्याचा नाद काढायला शिका.

आजोबांच्या खंजिरीचं कातडं पाहून घ्या. जुन्या खंजिऱ्यांना घोरपडीचं कातडं असू शकतं. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. नवी खंजिरी घेताना किंवा मढवताना बकऱ्याचं कातडं किंवा कृत्रिम पडदाच घ्या.

आमच्या भागात दंडार हे लोकनाट्य आहे, रेला नाच आहे, डफडं आणि ढोल आहेत. लोकवाद्यवृंद करायचा आहे, पण सरावात सगळा गोंगाट होतो आणि लय पळते.
(विद्यार्थी प्रतिनिधी, आरमोरी)

गोंगाट होतो कारण सगळे सगळा वेळ वाजवतात. आठ-नऊ मिनिटांच्या अख्ख्या सादरीकरणाचे चार तुकडे करा. पहिल्या दीड मिनिटात फक्त ढोल आणि टाळ, मिनिटाला साधारण ७० मात्रांच्या लयीत. मग अडीच मिनिटं बासरी किंवा पेटीवर एक स्थानिक चाल, खाली केवळ खंजिरी. तिसऱ्या तुकड्यात डफडं आणि ढोलकी यांचे सवाल-जवाब, बाकी सगळे गप्प. सर्वांनी मिळून वाजवायचं ते शेवटचे दोन मिनिटं, १३० ते १४० मात्रांत. सवाल-जवाबांची लांबी आधी मोजून ठरवा: चार आवर्तनं, मग दोन, मग एक. ‘जमेल तसं’ ठेवलं की शेवटाला वेळ उरत नाही.

लय पळते ती बहुतेक वेळा तिहाईच्या (शेवटी तीनदा वाजवायच्या बोलांच्या) आधी आणि तुकडा बदलताना. फोनवर मेट्रोनोम लावून त्याचा ठोका एकट्या टाळवाल्याच्या कानात द्या. बाकी सगळ्यांनी टाळाकडे पाहायचं. टाळवाला सगळ्यात पक्का मुलगा किंवा मुलगी असावी. हे काम ज्याला काहीच येत नाही त्याच्याकडे देण्याची पद्धत वृंदाचं सर्वांत जास्त नुकसान करते.

बासरी आणि पेटी पुढे, मायक्रोफोनसह. डफडी आणि ढोल आठ-दहा फूट मागे, मायक्रोफोनशिवाय. कातड्याचं डफडं आगीवर तापवून चढवतात, सभागृहात जाळ करता येत नाही. म्हणून दोन डफडी ठेवा, एक बाहेर तापवून पाळीच्या अगदी आधी आणायचं. वाट पाहावी लागण्याची शक्यता असेल तर कृत्रिम पडद्याचं एक जवळ असू द्या.

एक गोष्ट मोकळेपणानं लिहितो. डफडं ज्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाजतं, त्या घरातल्या मुलांना कॉलेजात ते हातात घ्यायला संकोच वाटतो, कारण गावानं त्या वाद्याला जातीची जागा दिली. तो संकोच घालवायची जबाबदारी वर्गाची आहे. वृंदात डफडं मधोमध असू द्या, इतर मुलांनाही ते शिकायला लावा आणि शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांना तबल्याच्या शिक्षकाइतकंच मानधन द्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर खोली उघडली तर दोन तबल्यांच्या पुड्या फाटलेल्या आणि पावसाळ्यात डगा बोलत नाही. सांभाळायचं कसं?
(ग्रंथपाल व संगीतखोलीचे प्रभारी, पुसद)

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कातडं सुकून आकसतं. तबला आधीच चढा लावून ठेवला असेल तर ताण गजऱ्यापाशी, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीपाशी, येतो आणि पुडी तिथेच फाटते. म्हणून सुट्टी लागण्याच्या दिवशी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खालून वर ठोकून सगळे तबले एक-दीड स्वर उतरवा. गवसणी घालून, चुंबळीवर ठेवून, भिंतीपासून वीतभर दूर, बंद कपाटात ठेवा. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत नको. पेटीचा भाता बंद करून खटका लावा. आत उंदीर गेला तर चामडं आणि नमदा दोन्ही कुरतडतो, म्हणून पेटीच्या डब्याला भोक राहू देऊ नका.

पावसाळ्यात उलटं होतं. कातडं ओल धरतं, सैल पडतं. आधी कोरड्या सुती कापडानं पुसा, मग साठ वॉटचा पिवळा दिवा पुडीपासून फूट-दीड फुटावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पुडीवरची शाई, म्हणजे काळा गोल, लोहचूर्ण आणि पिठाच्या खळीची असते, ती एकदम सुकली की भेगा पडून कण उडतात. उडालेल्या शाईवर डिंक लावून उपयोग नाही, तिचा आवाज फुटलेलाच राहतो. पुडी बदला.

लावताना मोठा फरक गठ्ठ्यांवर घ्या, बारीक फरक गजऱ्यावर. गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. गजऱ्यावर दोन वाद्यांच्या मधली जागा म्हणजे घर. एका घरानंतर शेजारचं नव्हे, समोरचं घर घ्या, नाहीतर पुडी एका बाजूला ओढली जाते. हातोडी शाईवर किंवा तिच्याभोवतीच्या मैदानावर कधीच पडू नये. सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकला सहज बसतो. त्यालाच काळी तीनपर्यंत ताणाल तर नवी पुडीही टिकणार नाही. नवी पुडी बसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात पुडी बदलू नका.

संगीतवर्गाचे श्रेयांक मिळतात का? गांधर्वच्या परीक्षा द्याव्यात का? आमचे सर मंगळवार-शुक्रवारीच येतात आणि माझी गावाकडची शेवटची एसटी साडेचारला आहे.
(विद्यार्थिनी, दर्यापूर)

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रम म्हणून ललित आणि सादरीकरणाच्या कलांना जागा आहे. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम असेल तर सत्रात ६० तास, म्हणजे १५ आठवडे, दर आठवड्याला चार. तुमच्या सरांचे दोन दिवस, प्रत्येकी दोन तास धरले तर हिशेब नेमका बसतो. फक्त विद्यापीठानं मान्य केलेल्या यादीत तो अभ्यासक्रम आहे का आणि हजेरीपत्रक ठेवलं जातं का, हे प्रवेश घेतानाच कार्यालयात विचारा.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जरूर द्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण असा क्रम आहे, पुढे मध्यमा आणि विशारद. वर्षाला एक परीक्षा धरली तर पदवीच्या तीन वर्षांत प्रवेशिका पूर्ण होते. परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात, विद्यापीठाच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. तारखा आधी पाहून मगच फॉर्म भरा.

एसटीचं म्हणाल तर वर्ग साडेअकरा ते दीड घ्यायला सरांना सांगा. तीन ते पाच ठेवला की बाहेरगावच्या मुली सगळ्यात आधी गळतात, आणि मग वर्गात फक्त गावातली मुलं उरतात. मधल्या दिवसांचा सराव वाद्याशिवायही होतो. सरांच्या प्रत्येक पाठाचं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण फोनवर घ्या. रोज वीस मिनिटं टाळी-खाली देत पढंत, दहा मिनिटं तानपुऱ्यावर सरगम. एसटीत बसून मांडीवर बोटांनी केरवा धरला तरी चालेल, बोल मात्र मनात स्पष्ट उमटले पाहिजेत. शुक्रवारी सरांसमोर आधी पढंत म्हणून दाखवा, मग तबल्याला हात लावा.